बंद हापसा कुणाला कसा दिसतो? (डिझाइन, व्यवस्था आणि आपलं बघणं)

मृद्गंधा_पुणे
मी एका डिझाइन महाविद्यालयात शिकवते. 'व्यवस्था बदल' हे शब्द आमच्याकडे सध्या रोज कानावर पडतात. मुलं सेमिस्टरभर भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावतात, बाणांचे नकाशे काढतात आणि शेवटी बहुतेक वेळा एक ॲप सादर करतात. त्यांच्यापुढे प्रत्यक्ष घडलेलं, बऱ्यावाइटासकट तपासता येईल असं उदाहरण ठेवायचं म्हणून मी हापसा निवडला आहे. आपल्या गावोगावी दिसणारा, लांब लोखंडी दांड्याचा, इंडिया मार्क टू.

थोडक्यात इतिहास. १९६६-६७ च्या बिहार दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात वेगाने भोक पाडणारी यंत्रं देशात आली. विंधन विहिरी, म्हणजे बोअर, झपाट्याने झाल्या. त्यांच्यावर बसवले गेले बिडाचे पंप, परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेल्या नमुन्यांच्या नकला. इथे त्यांच्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी उपसायचं. बीड ठिसूळ, तडा गेला की गावात वेल्डिंगही होत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य पंप बंद पडलेले होते.

त्याच काळात जालना आणि सोलापूर भागात, ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामातून, स्थानिक मिस्त्री-इंजिनियरांनी पोलादी पंप घडवले होते आणि ते टिकत होते. सोलापूर पंपाची रचना पायाभूत धरून केंद्र सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून नवा पंप केला. कोइम्बतूर भागात, जिथे पाणी खोल आणि वापर प्रचंड, तिथे चाचण्या झाल्या. १९७७ च्या सुमारास मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रडास या सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झालं. पेटंट घेतलं नाही. आराखडे खुले ठेवले, पुढे आयएस ९३०१ हे मानक आलं, त्यामुळे कुठलाही कारखाना तो बनवू शकला आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. कारखान्यातून माल निघण्याआधी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी व्हायची. पुढच्या वीसेक वर्षांत जगभर असे लाखो पंप बसले.

माझं मत असं की यातली खरी रचना खुलं मानक, तपासणी, सुटे भाग आणि दुरुस्तीची साखळी ही आहे. पंप हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. पटतं का? आणि तुमच्या गावच्या हापशाचं पुढे काय झालं?

सोलापुरी_चादर
सोलापूरचं नाव पहिल्याच पोस्टमध्ये आलं, आता धागा शंभरी गाठणार 😀

बेसाल्ट
तपशिलात थोडी भर. सोलापूर पंपाच्या दोन गोष्टी कळीच्या. एक, पंपाचा भार बोअरच्या केसिंग पाइपवर (बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या नळीवर) न टाकता काँक्रीटच्या ओट्यात रोवलेल्या बैठकीवर घेतला, त्यामुळे डोकं डळमळायचं थांबलं. दुसरी, दांडा आणि आतली सळई यांच्यामध्ये साखळी. दांडा वर्तुळात फिरतो पण सळई सरळ वरखाली जाते, आडवा ताण येत नाही. दांडा फिरतो तो सांधा एकच, तिथलं बेअरिंग नीट जपलं की झालं. दांडा भरीव आणि जड ठेवला तोही मुद्दाम, आत लोंबणाऱ्या सळयांच्या वजनाला तोल मिळावा म्हणून. तेव्हा 'पंप फक्त दिसणारा भाग' हे मला पटत नाही. साखळीची कल्पना चुकली असती तर मानक, तपासणी, सुटे भाग, सगळं एका वाईट वस्तूभोवती उभं राहिलं असतं.

चिमणराव_७२
बेसाल्टशी सहमत. शिवाय पैसा आणि दुष्काळ हे दोन घटक कुणी मोजतच नाही. बहात्तरच्या दुष्काळाने इथली सरकारी यंत्रणा हादरली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा त्याच सुमाराची. गरज गळ्याशी आली की सरकार हलतं. त्यात डिझाइनने व्यवस्था बदलली असं म्हणणं म्हणजे श्रेय ओढून घेणं. तुमच्या मुलांना आधी जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक वाचायला शिकवा.

मृद्गंधा_पुणे
@चिमणराव, अंदाजपत्रक वाचायला शिकवते, आणि तो तास मुलांना सगळ्यात जड जातो. पण नुसत्या पैशाने काय होतं ते बिडाच्या पंपांनी दाखवलंच होतं. पैसा तेव्हाही आला होता, पंपही बसले होते.
@बेसाल्ट, मुद्दा मान्य. वस्तू आणि साखळी असं वेगळं काढणं घाईचं होईल.

अण्णा_हापसे_दुरुस्ती
नमस्कार. मी पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात होतो, आता निवृत्त आहे. जिल्हा सांगत नाही. मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

तुम्ही लोकं दुरुस्तीची साखळी म्हणता, ती आम्ही. एक गाडी, ड्रायव्हर, मी, दोन हेल्पर आणि गावं शंभराच्या वर. मार्क टूचं वायसर (आतल्या दट्ट्यावरची वाटीसारखी चकती) बदलायचं म्हणजे तिपाई उभी करा, चेनपुली लावा, सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप एकेक करून सगळे वर काढा. दीडशे फूट पाणी असलं तर पंधरा पाइप. एक पाइप हातातून सुटला की खाली बोअरमध्ये, मग गळ टाकून तो काढायचा, दिवस गेला. एवढं करून बदलायचं काय, तर हाताच्या तळव्यावर मावणारं वायसर. आधी चामड्याचं असायचं, नंतर रबरी आलं, ते जास्त टिकलं. मार्क थ्री आला त्यात पाइप मोठे, आतला दट्ट्या सळईबरोबर वर निघतो, पाइप काढायची गरज नाही. दोन माणसं करतात. पण माझ्या भागात बसवलेले बहुतेक मार्क टूच होते.

गावाने तक्रार दिली की ती तालुक्याला येणार, नंबर लागणार, डिझेल असेल तर गाडी निघणार. तोवर बायका लांबून पाणी आणत. त्या आम्हाला बोलत. त्यांचं बरोबर होतं.

आता मॅडमचा प्रश्न, बंद हापसा कुणाला कसा दिसतो. आमच्याकडे दुरुस्तीचं रजिस्टर होतं. त्यात रकाने सगळे सुट्या भागांचे. वायसर, चेन, बेअरिंग, बोल्ट, पाइप, सळई. पण गावात गेलं की बायका भाग सांगत नसत. त्या सांगायच्या, 'हापसा मोकळा लागतोय', 'दहाबारा दांडे मारल्यावर पाणी येतं', 'पहाटे येतं पण उन्हं चढली की पाणी तुटतं'. मोकळा लागतोय म्हणजे सळई सुटली किंवा वायसर गेलं. दांडे मारल्यावर येतं म्हणजे खालचा व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. पण पहाटे येतं आणि नंतर तुटतं, याला हापशात काही झालेलं नसतं. रात्रभर बोअरमध्ये पाणी साठतं, सकाळी उपसून संपतं. म्हणजे जमिनीतलंच कमी झालं. ह्याला रजिस्टरला रकाना नव्हता. आम्ही 'वायसर बदलले' लिहून यायचो.

मृद्गंधा_पुणे
अण्णा, नमस्कार. तुमचा शेवटचा परिच्छेद मी मुलांना उद्याच वाचून दाखवणार आहे. 'पाणी तुटतं' ही तक्रार साधारण कधीपासून वाढली?

अण्णा_हापसे_दुरुस्ती
सरकारी बोअरच्या शेजारी शेतकऱ्यांच्या बोअर पडायला लागल्या तेव्हापासून. आमचा हापसा मिनिटाला बारा लिटर काढणार. शेजारी मोटार चालू. हापसा कसा टिकणार.

इरा_वाचते
अंगावर काटा आला रजिस्टरचं वाचून. वाचनखूण साठवली.

बेसाल्ट
अण्णांनी जे लिहिलं ते भूजलाच्या पाठ्यपुस्तकात एक अख्खं प्रकरण घेऊन सांगतात.

राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या दगडात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत राहतं. साठा लहान, दोन बोअरमध्ये पन्नास फूट अंतर असूनही एक कोरडी आणि एक भरलेली असू शकते. खडक भेदणारं जे यंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आलं, तेच तंत्र पुढे सिंचनासाठी गल्लोगल्ली झालं. त्याला पाणबुडी मोटार मिळाली, अश्वशक्तीवर आकारलेली वीज मिळाली, मोजमाप कुठेच नाही. आज भूजल उपशात भारत जगात पहिला, अमेरिका आणि चीन यांच्या एकत्रित उपशापेक्षाही जास्त.

म्हणून मृद्गंधा, तुमच्या उदाहरणाला मी एक ओळ जोडेन. त्या काळी सगळ्यांनी प्रश्न 'पंप मोडतो' असा वाचला आणि त्याचं उत्तम उत्तर काढलं. जमिनीखालचं पाणी ही एक सामाईक, मोजायची गोष्ट आहे हे त्या वाचनात बसलंच नाही. ओट्यावरची वस्तू सगळ्यांना दिसते, दोनशे फूट खाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

कंपालावाला
युगांडातून लिहितोय, इथे बांधकाम कंपनीत आहे. मार्क टू इथे 'यू टू' नावाने आणि मार्क थ्री 'यू थ्री' नावाने भेटतात, स्थानिक बदल करून घेतलेले. पहिल्यांदा एका शाळेच्या आवारात पाहिला तेव्हा फोटो काढून थेट आईला पाठवला होता.

पण इथे वेगळाच घोळ झाला. पूर्व आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी. जीआय पाइप आतून गंजतात, पाणी तांबूस येतं, चव लोखंडाची, डाळ-भात काळपट, कपड्यांवर डाग. हापसा व्यवस्थित चालू असतो आणि बायका शेजारच्या डबक्याचं पाणी नेतात. इंजिनियर म्हणणार पंप चालू आहे, आकडेवारीत तो चालू. घरातली बाई म्हणणार हे पाणी वाईट आहे. दोघंही आपापल्या जागी नीट बघतायत. उपाय म्हणून पीव्हीसी आणि स्टेनलेस पाइप आले, केनिया-मलावीकडे आफ्रिदेव नावाचा पंप ऐंशीच्या दशकात विकसित झाला, गावातच दुरुस्त करता यावा हा हेतू धरूनच.

चिमणराव_७२
हे भारी आहे. म्हणजे जे सोलापुरात चाललं ते जसंच्या तसं उचलून चालत नाही.

डिझाइनचा_विद्यार्थी
सर, मॅडम, दक्षिण आफ्रिकेच्या प्लेपंपचा विषय निघायलाच हवा. लहान मुलांचं फिरतं चक्र, मुलं खेळतील आणि पाणी वर टाकीत जाईल. २००६ मध्ये अमेरिकेत मोठमोठे आकडे जाहीर झाले, फोटो सुंदर यायचे. मोझांबिकमध्ये काही ठिकाणी चालू हातपंप काढून त्या जागी हे बसवले. मुलं थोडा वेळ खेळणार, मग शाळेत जाणार. मग प्रौढ बायकांना ते जड चक्र वाकून फिरवावं लागायचं. दुरुस्ती गावाच्या हाताबाहेर. २०१० पर्यंत मूळ कार्यक्रम गुंडाळला. आमच्या वर्गात हे उदाहरण शिकवलं की सगळे हसतात. पण मला प्रश्न पडतो, मग आम्ही करायचं काय? वस्तू केली तर 'व्यवस्था बघितली नाही', व्यवस्था बघितली तर 'नकाशे काढत बसलात'.

बेसाल्ट
@डिझाइनचा_विद्यार्थी, अण्णांच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा.

निळी_शाई
बेसाल्ट यांचा प्रतिसाद छोटा आहे पण मला तो या धाग्याचा गाभा वाटतो. रजिस्टर हीसुद्धा रचलेलीच वस्तू. कुणीतरी बसून ठरवलं की बंद हापशाबद्दल काय लिहिण्यासारखं आहे आणि काय नाही. पुढे तालुक्याला बेरीज गेली ती वायसरांची, जिल्ह्याला गेली वायसरांची, मुंबईत मागणी झाली वायसरांची. गावातल्या बाईला जे माहीत होतं ते पहिल्याच पायरीवर गळलं. मी सरकारी कार्यालयात नमुने, तक्ते आणि फॉर्म यांच्यावरच काम करते. फॉर्म बदलायला जितका विरोध होतो तितका मंत्री बदलायला होत नाही. आणि म्हणूनच तरुण डिझायनरांनी तिथे यावं असं मला मनापासून वाटतं. तिथे तुमची गरज आहे.

सोलापुरी_चादर
+१, आणि 'फॉर्म बदल' या खात्याचा मंत्री निळी_शाईच.

भीमाकाठ
एक बाजू अजून आलेली नाही. हापसा कुठे बसला?

आमच्या गावात पहिला हापसा चावडीजवळ, दुसरा देवळामागे, आणि आमच्या वस्तीत तो कितीतरी वर्षांनी आला. भूगर्भतज्ज्ञ जागा दाखवतो हे खरं, पण तो गावात आल्यावर कुणाच्या ओसरीवर चहा घेतो त्यावर कुठल्या चार जागा तपासायच्या ते ठरतं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, ते सार्वजनिक पाणी सर्वांचं हे सांगायला. त्यानंतर इतक्या वर्षांनीही माझी आजी आडावर स्वतःचा पोहरा टाकू शकत नव्हती. वरून कुणी वाढेपर्यंत बसून राहायचं.

हापशाने यात खरोखर फरक केला. दोर नाही, पोहरा नाही, बंद पाइपातून पाणी येतं, त्यामुळे 'विटाळ' सांगायला वस्तूच उरली नाही. पण रांग उरली. आमच्या बायकांचा हंडा मागे सरकवला जायचा, दांडा पाण्याने धुऊन मगच हात लावणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. पंप घडवणाऱ्यांनी हे मनात धरून काही केलं असेल असं मला वाटत नाही. तरी त्या वस्तूने गावातला एक व्यवहार हलवला आणि दुसरा तसाच ठेवला. मृद्गंधाताई, तुमच्या मुलांच्या नकाशात हे बाण असतात का?

मृद्गंधा_पुणे
नसतात. 'वापरकर्ता' असं एकच वर्तुळ असतं आणि त्याला जात नसते, गल्ली नसते. हे बदलायला हवं आणि ते मी वर्गात आणणार आहे. आजींबद्दल लिहिलंत, आभार.

इरा_वाचते
भीमाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

ढाक्याची_आठवण
मी काही वर्षं बांगलादेशात आरोग्य प्रकल्पात होते. तिथली गोष्ट सगळ्यात अवघड आहे. तळ्या-नद्यांच्या पाण्याने जुलाब होऊन मुलं दगावत, म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांत नलकूप (जमिनीत नळी घालून वर हातपंप बसवलेल्या विहिरी) बसवले गेले. लोकांनी ते आपलेसे केले, स्वतःच्या पैशाने अंगणात घेतले. मग १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं निश्चित झालं. चव नाही, वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं प्यायल्यावर त्वचेवर डाग, पुढे कर्करोग.

लाखो नलकूप तपासून तोंडं रंगवली, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. साधं आणि चांगलं काम. पण 'हेच पाणी शुद्ध' असं ज्या संस्थांनी एक पिढी सांगितलं, त्यांनीच येऊन उलट सांगायचं होतं. शिवाय अंगणातला नलकूप लाल आणि शेजाऱ्याचा हिरवा, तर सुनेने रोज शेजाऱ्याच्या अंगणात जायचं की नाही, हा प्रश्न रंगाने सुटत नाही. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, तिथेही असंच. डोळ्यांना स्वच्छ दिसणारं पाणी वाईट आहे हे कुणी कुणाला कसं पटवायचं?

चिमणराव_७२
मी सुरुवातीला पैसा आणि दुष्काळ म्हणालो, त्यावर ठाम आहे. पण यादीत भर घालतो. हिवरे बाजारला मी गेलो आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही असा नियम केला, ऊस-केळी नाही, आणि पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस कमी झाला तर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. म्हणजे बेसाल्ट म्हणतात ते दोनशे फूट खालचं पाणी त्यांनी फळ्यावर आणलं, सगळ्यांना वाचता येईल असं. मला ते इथल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं काम वाटतं.

बेसाल्ट
चिमणराव, त्या फळ्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त एक सावधगिरी. हिवरे बाजार लहान गाव, एकसंध पाणलोट, दीर्घकाळ टिकलेलं नेतृत्व. मोठ्या गावात, जिथे अर्धं शिवार बाहेरच्या मालकांचं, तिथे तोच फळा लावून भागत नाही. कंपालावाल्यांच्या गंजलेल्या पाइपांसारखंच, मातीप्रमाणे बदल करावे लागतात.

बांद्याची_लेक
अवांतर: उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमात बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवली होती. माझी मावशी तिथे शिक्षिका होती, ती सांगते की लोकांचा आधी विश्वासच बसेना, मग पाइप वर आले तसा बसला. राजस्थानात तिलोनियालाही गावातलाच प्रशिक्षित मिस्त्री ही पद्धत होती, तालुक्याच्या गाडीची वाट बघायची नाही.

अण्णा_हापसे_दुरुस्ती
बरोबर आहे. गावात पाना धरणारं कुणी असलं तर निम्म्या तक्रारी आमच्यापर्यंत आल्याच नसत्या. ग्रीस आणि बोल्ट याच्यासाठी गाडी कशाला.

मृद्गंधा_पुणे
आता माझ्या मूळ कामाकडे येते. मुलांचा एक गट येत्या वर्षी एका तालुक्यात जाणार आहे. तिथे सगळीकडे जलजीवन मिशनचे नळ आलेत, तरी उन्हाळ्यात लोक परत हापशावर जातात असं कळलं. काही ठिकाणी एकाच बोअरवर हापसा आणि सौर पंप दोन्ही आहेत. मला मुलांकडून नवा पंप नको आहे. निळी_शाई आणि बेसाल्ट म्हणतात तो रकाना, भीमाकाठ म्हणतात ती रांग, चिमणरावांचा फळा, यांच्यातून काहीतरी असं हवंय जे ग्रामपंचायत पुढच्या वर्षीही वापरेल. अण्णा, हापशावर गेल्यावर मुलांनी काय विचारावं?

अण्णा_हापसे_दुरुस्ती
आधी स्वतः दांडा मारा. चाळीस दांड्यात बादली किती भरते ते बघा, पाणी कितव्या दांड्याला येतं ते लिहा. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा, त्याच हापशावर. मग जी बाई रोज येते तिला विचारा की पाणी कुठल्या महिन्यात तुटायला लागतं आणि मागच्या वर्षी कुठल्या महिन्यात तुटलं होतं. पुरुषांना विचारू नका, ते 'उन्हाळ्यात' म्हणतील, बाई सण सांगेल. शेजारच्या दोनशे-तीनशे फुटात मोटारी किती आणि त्या कधी चालतात ते बघा. आणि बंद हापसा दिसला तर बंद कधीपासून हे विचारण्याआधी, आता पाणी कुठून आणता हे विचारा.

भीमाकाठ
आणि कुठल्या वस्तीतली बाई, हेही लिहा.

डिझाइनचा_विद्यार्थी
मॅडम, त्या गटात माझं नाव घ्या. कधी निघायचं, मे महिन्यात?

बेसाल्ट
एकदा जाऊन उपयोग नाही. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा घेते. त्याच महिन्यांत जा, म्हणजे तुमचं 'पाणी तुटतं' आणि त्यांचे पातळीचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येतील. तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची यादी कशी मिळवायची ते व्यक्तिगत निरोपात (व्यनि) कळवतो.

मृद्गंधा_पुणे
व्यनि मिळाला. पहिली फेरी ऑक्टोबरमध्ये करतो. अण्णा, तुम्ही बरोबर येणार का? गाडीची सोय आम्ही करू.

अण्णा_हापसे_दुरुस्ती
येतो. पाने माझे आहेत अजून. तिपाई तेवढी पंचायत समितीतून मागून घ्या.